‘द गिव्हर’ आणि त्यातल्या लिटररी डिव्हायसेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉइस लाउरी या अमेरिकन लेखिकेचं ‘द गिव्हर’ १९९३ साली आलं आणि १९९४ मध्ये त्याला न्यूबेरी मेडल, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, मिळालं. अमेरिकेतल्या कितीतरी शाळांत सहावी ते आठवीच्या दरम्यान हे पुस्तक वर्गात वाचतात, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांतून आणि इथल्या इंटरनॅशनल बोर्डाच्या शाळांतल्या पालकांकडून मला तोच मेसेज फिरून फिरून येतो, ‘मुलाला लिटररी डिव्हायसेसवर, म्हणजे लेखकाच्या लिहिण्यातल्या युक्त्यांवर, लिहायला सांगितलंय, काय लिहू?’ माझी भाची न्यू जर्सीत सातवीला होती तेव्हा तिच्याबरोबर फोनवर मी हे पुस्तक एकेक चॅप्टर करत वाचलं, मग आमच्या लायब्ररीतल्या शनिवारच्या मुलांबरोबर वाचलं, आणि दरवेळी तेच प्रश्न आले म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतेय. पुस्तक वाचलं नसेल तर आधी ते वाचा, कारण पुढे सगळं उघड केलंय, शेवटसुद्धा.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

जोनस नावाचा अकरा वर्षांचा मुलगा एका कम्युनिटीत राहतो. तिथे भूक नाही, युद्ध नाही, भांडण नाही. प्रत्येक घरात एक आई, एक बाबा, फार तर एक मुलगा आणि एक मुलगी, आणि ही मुलं त्यांच्या पोटची नसतात, अर्ज केला की मिळतात. सगळ्यांची वर्षं डिसेंबरात एकदम मोजली जातात, नवव्या वर्षी सायकल मिळते, बाराव्या वर्षी आयुष्यभराचं काम ठरवून दिलं जातं. जोनसला काम मिळतं रिसीव्हर ऑफ मेमरीचं, म्हणजे जगाच्या जुन्या आठवणी ज्या एकाच म्हाताऱ्या माणसाकडे सांभाळून ठेवल्यात त्या आता याने घ्यायच्या. तो म्हातारा म्हणजे गिव्हर. उघड्या पाठीवर तो हात ठेवतो आणि बर्फ, ऊन, दुखणं, युद्ध, माया, एकेक करून जोनसच्या अंगात उतरत जातं, आणि मग त्याला घरी जाऊन पूर्वीसारखं जेवायला बसणं जमेनासं होतं.

यात डिस्टोपिया कुठे आहे, सगळं तर छान चाललंय?

डिस्टोपिया म्हणजे वरून आदर्श वाटला तरी आतून भयानक असलेला कल्पित समाज. हा प्रश्न मुलं पहिल्या पाच-सहा चॅप्टरनंतर विचारतात आणि मला तो ऐकून बरं वाटतं, कारण लेखिकेला तुम्हाला नेमकं तिथेच आणायचं असतं. बाकीच्या बऱ्याच डिस्टोपियन कादंबऱ्यांत पहिल्या पानापासून धूर, भिंती, बंदुका, भुकेली पोरं दिसतात. इथे संध्याकाळी जेवताना घरातला प्रत्येक जण दिवसभरात काय वाटलं ते सांगतो आणि बाकीचे शांतपणे ऐकून घेतात. कुणाला नको वाटेल असं घर?

पण पहिल्याच चॅप्टरमध्ये एक गोष्ट पटकन येऊन जाते. वर्षभरापूर्वी एक विमान चुकून कम्युनिटीवरून उडालं, लाउडस्पीकरवरून हुकूम आला, सगळे सायकली रस्त्यात टाकून आत पळाले. नंतर सांगितलं गेलं की शिकाऊ पायलटने सूचना चुकीच्या वाचल्या, आणि त्याला अर्थातच रिलीज केलं जाईल (रिलीज म्हणजे काय ते पुढे येतंच). त्या ‘अर्थातच’वर कुणी थांबत नाही. जोनस थांबत नाही, आपणही थांबत नाही, पुढे वाचत जातो. डिस्टोपिया तिथेच बसलाय.

लिटररी डिव्हायसेसची यादी मिळेल का?

यादी देता येते, पण नुसती यादी कामाची नाही. मराठी माध्यमातल्या मुलांनी शाळेत अलंकार केलेले असतात, उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, चेतनगुणोक्ती, आणि मग ती या पुस्तकात ‘सारखा’ ‘जणू’ शोधायला लागतात आणि हाताला फारसं काही लागत नाही. लाउरीची भाषा साधी, जवळजवळ कोरडी आहे, निदान सुरुवातीला. इथल्या करामती वाक्याच्या सजावटीत कमी आणि काय सांगायचं, कधी सांगायचं, कुठला शब्द वापरायचा आणि कुठला मुद्दाम वापरायचाच नाही यात जास्त आहेत. फोरशॅडोइंगला मराठीत पूर्वसूचन म्हणतात, सिंबॉलला प्रतीक, आयरनीला उपरोध, नॅरेटरला निवेदक, आणि युफेमिझम म्हणजे वाईट गोष्टीला लावलेला गोड शब्द. एवढे पाच हातात असले तर पुस्तकाचा मोठा भाग उलगडतो.

एकच डिव्हाइस निवडायची असेल तर कुठली निवडू?

रंग. खरं तर रंग लपवणं.

जोनसच्या जगात रंग नाहीत. ही गोष्ट आपल्याला बाराव्या चॅप्टरमध्ये कळते, म्हणजे अर्धं पुस्तक संपल्यावर, आणि तोपर्यंत आपण मनातल्या मनात त्या कम्युनिटीला छान रंगवून टाकलेलं असतं, झाडं हिरवी, आकाश निळं, कपडे काहीतरी फिकट. लेखिकेने एकदाही खोटं सांगितलेलं नाही. तिने फक्त रंगाचा शब्दच वापरलेला नाही.

तिसऱ्या चॅप्टरमधला सफरचंदाचा प्रसंग पुन्हा उघडून बघा. जोनस आणि त्याचा मित्र अ‍ॅशर सफरचंद फेकून झेलतायत आणि हवेत असताना क्षणभर ते सफरचंद बदलतं. काय बदलतं? आकार तोच, साइज तीच. जोनस ते हातात घेऊन निरखतो आणि निवेदक म्हणतो की त्याची छटा नेहमीचीच होती, काही खास नसलेली, साधारण त्याच्या स्वतःच्या अंगातल्या कपड्यासारखीच. हे वाक्य बहुतेक सगळे सरळ वाचून जातात, मीही पहिल्यांदा गेले. सफरचंद आणि सदरा एकाच छटेचे कसे असतील? तो प्रश्न मनात येतच नाही कारण ‘छटा’ हा शब्द आपल्याला रंगाचाच वाटतो. जोनस ते सफरचंद घरी नेतो, भिंगाखाली धरतो, काही सापडत नाही, आणि संध्याकाळी लाउडस्पीकरवर सूचना येते की अकरा वर्षांच्या मुलांनी खाऊ खायचा असतो, साठवायचा नसतो. नाव घेत नाहीत, पण कुणासाठी आहे ते त्याला कळतं.

मग आठव्या चॅप्टरमध्ये डिसेंबरातल्या समारंभाला जमलेल्या लोकांचे चेहरे तसेच बदलतात, मग त्याची मैत्रीण फिओनाचे केस. आणि बाराव्यात गिव्हर त्याला सांगतो की तुला लाल रंग दिसायला लागलाय. त्या क्षणी मागची शंभरेक पानं आपोआप करडी होतात. भाची फोनवर एकदम गप्प झाली होती, मग म्हणाली, मावशी थांब, म्हणजे त्यांचं घर, त्यांच्या सायकली, सगळंच? आणि ती पहिल्या पानापासून परत चाळायला लागली, कुठे तरी एखादा रंग निसटला असेल म्हणून. वाचणाऱ्याला उलटं फिरून वाचायला लावणं, हे फार थोड्या पुस्तकांना जमतं.

निवेदक कोण आहे? ‘मी’ असं कुठे येत नाही.

निवेदन तृतीयपुरुषी आहे, ‘जोनसला वाटलं’, ‘जोनस गेला’ असं. पण हा निवेदक सगळं जाणणारा नाही, तो जोनसच्या खांद्यावर बसलेला आहे, जे जोनसला माहीत तेवढंच त्याला माहीत, आणि जे शब्द जोनसकडे आहेत तेवढेच त्याच्याकडे. इंग्रजीच्या टीचर याला थर्ड पर्सन लिमिटेड म्हणतात. वरचा रंगाचा सगळा खेळ याच्यामुळेच शक्य होतो, कारण ज्याला रंग माहीतच नाही तो ‘इथे रंग नव्हते’ असं कसं म्हणेल? मुलं पेपरात या दोन गोष्टी वेगवेगळ्या परिच्छेदात लिहितात, त्या एकत्र लिहा, एकीशिवाय दुसरीला अर्थ नाही.

‘रिलीज’ हा युफेमिझम आहे असं टीचर म्हणतात, म्हणजे नक्की काय?

मराठी माणसाला हे समजावायला अगदी सोपं आहे. आपण नारळ ‘वाढवतो’, बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणतो, देवापुढचा दिवा विझला असं म्हणत नाही, ‘शांत झाला’ म्हणतो, आणि माणूस ‘गेला’. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून त्याच्या जागी दुसरा ठेवायचा. पण आपल्याकडे बांगडी वाढली म्हणणाऱ्या बाईला बांगडी फुटलीय हे माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. शब्द मऊ, पण गोष्ट दोघांच्या डोळ्यांसमोर उघडी.

जोनसच्या कम्युनिटीत उलटं झालंय. शब्द राहिला आणि त्याच्यामागची गोष्ट लोकांच्या डोक्यातून पुसली गेली. चौथ्या चॅप्टरमध्ये जोनस वृद्धांच्या घरात लॅरिसा नावाच्या आजींना आंघोळ घालत असतो आणि त्या अगदी कौतुकाने सांगतात की सकाळीच रॉबर्टोंचा रिलीज झाला, त्यांच्या आयुष्याची गोष्ट सांगितली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ते त्या खास दारातून आत जाताना किती आनंदात होते. पुढे काय होतं विचारल्यावर त्यांना माहीत नसतं. रिलीज झालेली माणसं एल्सव्हेअरला जातात, म्हणजे ‘दुसरीकडे’. कुठे दुसरीकडे, ते कुणी विचारत नाही.

एकोणिसाव्या चॅप्टरमध्ये जोनस प्रत्यक्ष बघतो. जुळ्या बाळांपैकी ज्याचं वजन कमी त्याला रिलीज करायचं काम जोनसच्या बाबांकडे आहे, आणि सकाळचं ते रेकॉर्डिंग गिव्हर त्याला दाखवतो. बाबा बाळाशी लाडाने बोलतायत, दुखतंय ना राजा, पण काय करू, तुझ्या हाताच्या शिरा अजून बारीक आहेत, असं काहीसं, आणि सुई बाळाच्या कपाळावरच्या शिरेत जाते. बाळ रडतं, हातपाय हलवतं, मग ढिलं पडतं. बाबा त्याला एका खोक्यात ठेवतात, भिंतीतल्या कचऱ्यासारख्या चुटमध्ये सोडतात आणि बाय-बाय करतात.

तो लाडाचा सूर मला आजही सहन होत नाही. बाबा दुष्ट असते तर सोपं झालं असतं. ते प्रेमळ आहेत, रात्री रडणाऱ्या गेब्रिएल नावाच्या बाळाला त्यांनीच घरी आणलंय, आणि आपण जीव घेतला हे त्यांना माहीत नाही कारण त्यांच्याकडे ‘मारणं’ हा शब्दच त्या कृतीला लावलेला नाही. जोनसला कळतं ते कशामुळे, तर पंधराव्या चॅप्टरमध्ये त्याला युद्धाची आठवण मिळालेली असते, तिथे पाणी मागणारा मुलगा त्याच्यासमोर मरतो, आणि ते निपचित पडणं त्याने एकदा पाहिलेलं असतं. शब्दाने जे झाकलं ते आठवणीने उघडं केलं.

‘प्रिसिजन ऑफ लँग्वेज’ हा नियम आहे, मग भाषा नेमकी असणं वाईट कसं?

फार छान प्रश्न आहे, आणि याच्यावर लिहिलंत तर टीचर खूश होतील. पुस्तक सुरू होतं तेच जोनस योग्य शब्द शोधत असताना, त्याला डिसेंबर जवळ आल्यावर जे वाटतंय ते भीती आहे का, नाही, भीती म्हणजे विमान आलं तेव्हाची, मग हे काय, आणि शेवटी त्याला धाकधूक अशा अर्थाचा शब्द सापडतो. वाटतं किती शहाणा मुलगा. अ‍ॅशर मात्र गडबड करतो, लक्ष विचलित झालं म्हणायच्या जागी मन व्याकुळ झालं असा शब्द वापरतो आणि वर्गात टीचर फळ्यावर दोन्ही शब्द लिहून फरक समजावतात. मुलं हसतात. पण पुढे कळतं की हाच अ‍ॅशर तीन वर्षांचा असताना खाऊ मागताना शब्द चुकला, स्नॅकच्या जागी स्मॅक म्हणाला, आणि इंग्रजीत स्मॅक म्हणजे चापट, म्हणून दरवेळी त्याला छडीचा फटका बसायचा, इतका की काही काळ तो बोलायचाच थांबला.

आणि जोनस चार वर्षांचा असताना म्हणाला होता की भुकेने मरतोय मी, तर त्याला बाजूला घेऊन समजावलं गेलं की तू मरत नाहीयेस, तुला भूक लागलीय, इथे भुकेने कुणी कधी मरणार नाही. आमच्या लायब्ररीतली मुलं दर शनिवारी पाचच्या सुमाराला हेच म्हणतात आणि त्यांना केळं मिळतं.

मग सोळाव्या चॅप्टरमधला प्रसंग. गिव्हरने त्याला एका घराची आठवण दिलीय, दिवे लावलेलं झाड, शेकोटी, आजीआजोबा, भेटवस्तू. तो ख्रिसमस आहे पण तसं नाव येत नाही, आपल्या मुलांना दिवाळीच्या पहाटेचं घर डोळ्यांसमोर आणायला सांगा, चालतं. त्या घरात जे भरलेलं होतं त्याला गिव्हर ‘लव्ह’ म्हणतो. जोनस घरी येऊन आईबाबांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात. बाबा म्हणतात, भाषा नेमकी वापर. आई समजावते की हा शब्द इतका मोघम आहे की त्याला काही अर्थच उरलेला नाही, त्यापेक्षा विचार की माझ्यामुळे तुम्हाला आनंद होतो का, आणि बाबा सुचवतात, किंवा माझ्या कामाचा अभिमान वाटतो का.

म्हणजे बघा, ज्या समाजाला मोघम बोललेलं चालत नाही त्याच समाजात जीव घेण्याला ‘रिलीज’ म्हणतात, ‘दुसरीकडे’ म्हणतात. नेमकेपणा फक्त तिथे, जिथे माणसाला काहीतरी खूप वाटतंय. हा उपरोध लेखिकेने कुठेही बोलून दाखवलेला नाही, तुम्ही दोन प्रसंग शेजारी ठेवले की दिसतो.

ड्रॅमॅटिक आयरनी आहे का यात?

आहे, पण नेहमीसारखी नाही. ड्रॅमॅटिक आयरनी म्हणजे वाचकाला माहीत आणि पात्राला नाही. रिलीजबाबत बरेच वाचक जोनसच्या आधीच ओळखतात, भाचीने सातव्या चॅप्टरलाच ओळखलं होतं, आणि मग पुढे घरचे रिलीजबद्दल सहज बोलले की आपल्या पोटात गोळा येतो. रंगाबाबत मात्र वाचक आणि जोनस दोघेही अंधारात. एकाच पुस्तकात एकीकडे आपण जोनसच्या पुढे आहोत आणि दुसरीकडे त्याच्याइतकेच मागे.

त्यात मला सगळ्यात जास्त चटका लावते ती नवव्या चॅप्टरची शेवटची गोष्ट. जोनसला ट्रेनिंगच्या नियमांचा कागद मिळतो आणि त्यात एक नियम असतो की तू खोटं बोलू शकतोस. लहानपणापासून खोटं बोलायचं नाही हे शिकलेला मुलगा विचार करतो, हीच ओळ बाकीच्या मोठ्यांच्या कागदावरही असली तर? आता मी कुणालाही विचारू शकतो की तुम्ही खोटं बोलता का, पण जे उत्तर येईल ते खरं कशावरून?

पूर्वसूचनाचं एखादं उदाहरण द्या, जे सगळे देत नाहीत असं.

केलेब. सगळे सफरचंद लिहितात किंवा रिलीज लिहितात, केलेब कुणी लिहीत नाही.

केलेब नावाचा चार वर्षांचा मुलगा नदीत बुडून गेलेला असतो. तेव्हा सगळ्या कम्युनिटीने मिळून दिवसभर त्याचं नाव घेतलं, आधी मोठ्याने, मग हळू, मग अजून हळू, आणि शेवटी ते नाव विरून गेलं. आता समारंभात त्याच आईबाबांना नवीन बाळ दिलं जातं, त्याचं नावही केलेब, आणि लोक पुन्हा नाव घ्यायला लागतात, या वेळी हळू पासून मोठ्याने. जागा भरली. शोक संपला. दोन परिच्छेदांचा प्रसंग आहे, पण मला तो अख्ख्या पुस्तकाचा नकाशा वाटतो, कारण त्यात नदी आहे, पुसलेलं नाव आहे आणि एकाच्या जागी दुसरा आहे. पुढे जोनसचंही नाव सभागृहात असंच घुमतं. आणि जोनस गेला की त्याच्याकडच्या आठवणी सगळ्या लोकांकडे परत जातील म्हणून पळून जायचा बेत ठरतो, तेव्हा गिव्हर आणि जोनस काय ठरवतात? कपडे आणि सायकल नदीकाठी ठेवायची, लोकांना वाटेल बुडाला. म्हणजे त्याचंही नाव असंच घेत घेत विरवून टाकतील. बेत ऐन वेळी फिसकटतो, कारण गेब्रिएलला दुसऱ्या दिवशी सकाळी रिलीज करणार असं जेवताना कळतं आणि त्याच रात्री जोनसला बाळाला घेऊन निघावं लागतं, बाबांच्या सायकलवरून, कारण तिला मागे लहान मुलाची सीट आहे.

प्रतीकं कुठली घ्यायची?

घसरगाडी घ्या, म्हणजे बर्फावरची स्लेड. पहिली आठवण तिचीच, टेकडीवरून खाली घसरत जाण्याची, नुसता आनंद. लाल रंग तिच्यातच पक्का होतो. नंतर तीच स्लेड उलटते, पाय मोडतो, आणि जोनसला आयुष्यात पहिल्यांदा खरं दुखणं कळतं. पुस्तकाच्या शेवटी परत टेकडी, परत बर्फ, परत स्लेड. एकच वस्तू सुख, दुःख आणि सुटका अशी तिन्हीकडे फिरते, त्यामुळे ‘स्लेड म्हणजे स्वातंत्र्य’ असं एका ओळीत लिहिलं तर मार्क कापले जातील आणि कापायलाच हवेत.

फिकट डोळे पण चांगलं उदाहरण आहे. जोनसचे, गिव्हरचे आणि गेब्रिएलचे डोळे फिकट, बाकी जवळपास सगळ्यांचे गडद. सायकलींबद्दल आणि मऊ खेळण्यांबद्दलही लिहिता येतं, जोनसची धाकटी बहीण लिली हिच्याकडे कापसाचा हत्ती आहे आणि हत्ती नावाचा प्राणी कधी खरोखर होता हे तिला माहीत नाही.

सफरचंद बायबलमधल्या झाडाच्या फळाशी जोडतात बरेच जण. जोडा, वाचन म्हणून चुकीचं नाही, पण मला स्वतःला ते सफरचंद त्याच्या साधेपणामुळेच आवडतं.

लाउडस्पीकरच्या सूचना कॅपिटल अक्षरांत का?

आवाजाला चेहरा नाही म्हणून. पानावर ती अक्षरं डोळ्यांत घुसतात, तसा तो आवाज घरात घुसतो. तेवढंच, याच्यावर पानभर लिहू नका.

सिनेमा बघून लिहिलं तर चालेल?

नाही. फिलिप नॉइसचा सिनेमा २०१४ चा आहे, जेफ ब्रिजेस आणि मेरिल स्ट्रीप आहेत, ब्रिजेसचं काम मला आवडलं. पण तो सुरूच होतो कृष्णधवल, मग पहिल्या फ्रेमलाच कळतं की इथे रंग नाहीत. सिनेमाला दुसरा मार्गच नाही, पडद्यावर सफरचंद दाखवायचं तर ते लाल तरी दाखवावं लागेल नाहीतर करडं तरी. पुस्तकाला नुसतं ‘सफरचंद’ म्हणून गप्प बसता येतं. शिवाय सिनेमातला जोनस वयाने बराच मोठा आहे, आणि बारा वर्षांच्या मुलाने मागे बाळ बांधून रात्री सायकल मारणं आणि जवळजवळ तरुण मुलाने तेच करणं यात फार फरक पडतो.

लेखिकेच्या आयुष्याशी काही संबंध आहे का?

आहे आणि तिने तो स्वतः न्यूबेरीच्या भाषणात सांगितलाय. तिचे वडील सैन्यात होते, म्हणून लहानपणी काही काळ ती टोकियोत राहिली, अमेरिकन लोकांसाठी बांधलेल्या कुंपणाच्या आतल्या वस्तीत, जिथे सगळं अमेरिकेसारखंच होतं, ओळखीचं, सुरक्षित. ती सायकल काढून गेटबाहेर शिबुया भागात जायची, दिवे, आवाज, वास बघायला. सायकल आणि ती बंदिस्त, सुरक्षित वस्ती कुठून आली ते लगेच कळतं. आणि म्हातारपणी वडिलांची स्मृती जायला लागली, तिची बहीण हेलन तरुणपणी वारली होती, वडील तिचा फोटो बघून विचारायचे की ही कशाने गेली, सांगितलं की विसरायचे आणि परत विचारायचे. तिथून तिच्या मनात आलं की दुःखाची आठवणच नसली तर माणूस सुखी होईल का. पहिल्या आवृत्तीच्या कव्हरवर जो दाढीवाला म्हातारा आहे तो कार्ल नेल्सन नावाचा चित्रकार, फोटो लाउरीनेच काढलेला, आणि रंगांवर जगणारा हा माणूस पुढे आंधळा झाला.

पेपरात लिहायचं कसं?

डिव्हाइसचं नाव, मग प्रसंग, मग त्याने वाचकाच्या मनात काय होतं ते, आणि तिसऱ्यावर सगळ्यात जास्त ओळी. ‘लेखिकेने युफेमिझम वापरलाय’ एवढ्यावर थांबलात तर काहीच सांगितलं नाही. ‘रिलीज हा शब्द पायलट, म्हातारे आणि बाळं अशा तिघांसाठी येतो, एकाला शिक्षा, एकाला सन्मान, एकाला नाइलाज, आणि तिन्हीकडे शब्द एकच असल्यामुळे कुठलीच गोष्ट भयानक वाटत नाही’ असं लिहिलंत तर ते तुमचं वाचन झालं. एक गोष्ट कळकळीने सांगते, तयार उत्तरं कॉपी करू नका, बारा-तेरा वर्षांच्या मुलाने या पुस्तकाबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं जे असतं ते मोठ्यांना लिहिता येत नाही.

कितव्या वर्षी वाचायला द्यावं?

अकरा-बारा ठीक. अमेरिकेत या पुस्तकावर शाळांमधून बऱ्याचदा आक्षेप घेतले गेलेत, मुख्यतः रिलीजच्या प्रसंगांवरून. एकोणिसावा चॅप्टर मुलाला एकट्याने रात्री वाचू देऊ नका, शेजारी बसा.

शेवटी जोनस आणि गेब्रिएल वाचतात की मरतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. जोनस बर्फात टेकडी चढतो, उपाशी, गारठलेला, बाळाला छातीशी धरून, माथ्यावर त्याला स्लेड सापडते, ती दोघं खाली घसरतात, खाली दिवे दिसतात, गाणं ऐकू येतं, आणि मागे, जिथून तो निघाला तिथूनही गाणं आल्यासारखं वाटतं, किंवा तो नुसता प्रतिध्वनी असेल. संपलं.

याला अँबिग्युअस एंडिंग म्हणतात, दोन्ही बाजूंनी वाचता येणारा शेवट. स्लेड तिथे कुणी ठेवली? ती पहिल्या आठवणीतलीच आहे, म्हणजे थंडीने मरताना त्याला आपली सगळ्यात आवडती आठवण दिसतेय, असं एक वाचन. दुसरं असं की कम्युनिटीच्या पलीकडे खरोखर घरं आहेत, दिवे आहेत, आणि आठवणी परत गेल्यामुळे मागची कम्युनिटीही गायला लागलीय. लाउरीने नंतर याच जगातली आणखी तीन पुस्तकं लिहिली आणि त्यातल्या २०१२ च्या ‘सन’मध्ये गेब, म्हणजे गेब्रिएल, मोठा झालेला भेटतो, म्हणजे उत्तर मिळतं. पण पेपरात तुम्हाला ‘द गिव्हर’वर विचारलंय, तर १९९३ च्या वाचकाच्या हातात जेवढी पानं होती तेवढ्यांवरच उत्तर द्या. आमच्या ग्रुपमध्ये एका मुलीने सांगितलं की जोनस मेला असं तिला डोक्याने वाटतं, आणि वाचला असं पोटातून वाटतं. मी तिला तसंच लिही म्हटलं.

मराठीत आणायचं तर ‘रिलीज’ला काय म्हणाल?

यावर मी बरेच दिवस घालवले. ‘मुक्ती’ म्हटलं तर लगेच धार्मिक होतं आणि वाचकाला पहिल्याच पानावर मरणाचा वास येतो. ‘सुटका’ म्हटलं तर वाटतं आधी कैद होती. ‘रजा देणं’ ऑफिससारखं. शेवटी भाचीशी बोलताना तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, मागून सहज म्हटलं, निरोप. आणि एकदम बसलं ते. आपल्याकडे दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ असतो, रिटायर होणाऱ्यांचा असतो, हार, नारळ, दोन शब्द, टाळ्या, फोटो, लॅरिसा आजींनी सांगितलेलं सगळं त्यात आहे. पायलटला निरोप दिला जाईल. रॉबर्टोंचा निरोप किती छान झाला. आणि मग एकोणिसाव्या चॅप्टरमध्ये बाबा सुई बाजूला ठेवतात, खोक्याचं झाकण लावतात, आणि बाळाला निरोप देतात.